हुंगलेलं देवाला चालत नाही

"तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की मी सरळ सांगायचे, "वास घेते." मग समोरचा माणूस एक तर हसायचा, नाही तर दोन पावलं मागे सरकायचा. निवृत्त झाले तरी हा ससेमिरा सुटलेला नाही. कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी माझ्याबरोबर शिरलं की ओशाळून विचारतं, "रूथकाकू, आज सेंट जास्त झालाय का हो?" अरे बाबांनो, पगार मिळायचा तोवर ठीक होतं, आता फुकट कोण हुंगत बसलंय!

महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत सुगंधी तेलांचा एक कारखाना होता, त्याच्या लॅबमध्ये मी वासाची पारखी होते. पुष्कळांना वाटतं की अगरबत्तीवाले आपला वास आपण बनवतात. तसं नसतं. ते काड्या करतात, आणि त्यांवर चढवायचं वासाचं तेल आमच्यासारख्यांकडून घेतात. धंद्यात त्या तेलाला कंपाउंड म्हणतात. हे कंपाउंड बाटलीत हुंगलं तर एक वास, काडीवर सुकवलं की दुसरा, आणि काडी पेटवली की तिसराच. बाटलीत झकास वाटलेला गुलाब पेटल्यावर करपलेल्या गुळासारखा येतो, आणि बाटलीत नको नको झालेलं काहीतरी जळताना असं दरवळतं की हातातलं काम ठेवून माणूस उभाच राहतो. म्हणून आमच्याकडे एक जाळायची खोली होती. तिच्यात काचेच्या पेट्या, प्रत्येक पेटीला छोटी झडप. आत काडी पेटवून पेटी बंद करायची, धूर भरू द्यायचा, मग झडप उघडून नाक लावायचं.

नाकाचे लाड फार. डब्यात लसूण नाही, डोक्याला वासाचं तेल नाही, केसात गजरा नाही. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं. आपला वास आपल्याला येत नाही, त्यामुळे नाकाला तिथे जरा विसावा मिळतो. आमच्या ह्यांना लग्नानंतर कितीतरी दिवस वाटायचं की बायकोला हात दुखायचा आजार आहे.

आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. वडील शाळामास्तर. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, रविवारी देवळात उपासना. पण आमच्या पंथाच्या देवळात ना धूप ना उदबत्ती. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, पेटीवर गीतं. वास म्हणाल तर जुन्या गीतांच्या पुस्तकांचा आणि कुणाच्या तरी धुतलेल्या, नीळ घातलेल्या सदऱ्याचा. अशा बिनवासाच्या देवळातून आलेली मी, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या देवांसाठी सुगंध करत बसले. माझी निवडही त्याचमुळे झाली, हे ऐकून तुम्हाला हसू येईल.

शेठ, म्हणजे आमचे मालक, गुजराथी वैष्णव. मुलाखतीत त्यांनी मला कागदाच्या पट्ट्या हुंगायला दिल्या. माझी उत्तरं ऐकून मान डोलावली आणि एकदम विचारलं, "बेन, तुम्ही क्रिश्चन ना?"

मनात म्हटलं, झालं, गेली नोकरी. "हो," म्हटलं.

"मग तर माझा मोठा प्रॉब्लेम सुटला," शेठ म्हणाले.

त्यांचा प्रॉब्लेम असा. हुंगलेलं फूल देवाला वाहत नाहीत, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मग देवापुढे लावायच्या अगरबत्तीचा वास आधी आपणच हुंगून पाहायचा, हे कसं? न हुंगता पास करावं तर धंदा बुडतो, हुंगावं तर ठाकोरजींना, म्हणजे त्यांच्या कृष्णाला, उष्टं जातं. शेठ बिचारे कितीतरी वर्षं या गोष्टीनं बेचैन होते. त्यांनी तोडगा काढला तो हा, की देवाच्या मालाचा शेवटचा वास माझ्या नाकानं घ्यायचा. "तुमच्यासाठी तो नुसता वास आहे बेन. आमच्यासाठी तो प्रसाद होतो." या तर्काला किती भोकं होती ते मला तेव्हाही दिसत होतं. कुणीही हुंगलं तरी हुंगलेलं ते हुंगलेलंच ना! पण शेठना त्यानं शांत झोप लागायला लागली, आणि मला नोकरी लागली.

लॅबमध्ये कंपाउंड मोजून मिसळायचं काम मंदा करायची. मंदा घणसोली गावातली आगरी. वडील मिठागरावर होते, नवरा लवकर गेलेला, पदरात एक मुलगी. तोंड असं की अख्खा मजला ऐकेल. पण देवाचा माल आला की तीच मंदा ओढणी नाकावर घट्ट बांधायची आणि श्वास रोखून मोजायची.

"अगं, गुदमरशील," मी म्हणायचे.

"माजा बाप्पा हाय मॅडम, मी कशी हुंगू? तुमी हुंगा, तुमाला चालतं."

फिनाइलचा किंवा साबणाचा माल असला की मात्र ओढणी खाली, आणि मत विचारायच्या आधीच हजर. एकदा तुर्भ्याच्या एका फिनाइलवाल्याला हट्ट होता की लादी पुसली की घरात दिवाळी आल्यासारखं वाटलं पाहिजे. आम्ही उटण्याच्या वासाचं काहीतरी केलं. मंदानं पट्टी हुंगली, तोंड वाकडं केलं. "मॅडम, मेल्या बोंबलाला पावडर लावल्यावानी लागते ही." गिऱ्हाईक समोर बसलेलं! मी पट्टी पुन्हा हुंगली आणि खरं सांगते, त्यानंतर मला बोंबलाशिवाय काही येईना.

दुसरं एक गिऱ्हाईक आलं, त्याला पहाटेच्या गाभाऱ्याचा वास हवा होता. आता मी गाभारा पाहिलाय कधी? मंदाला म्हटलं, तर ती म्हणाली, "चला की, आमची गावदेवी काय चावते काय?" तिच्याबरोबर सकाळी उजाडताना गेले. घणसोलीच्या त्या गल्ल्या तेव्हा नुकत्या जाग्या होत होत्या, कुठे सुकटाचा वास, कुठे चुलीचा. देवळाच्या उंबऱ्याशी चपला काढून मी बाहेरच उभी राहिले आणि डोळे मिटले. ओला दगड. तेलाचा दिवा. हळद. कालचा झेंडू कोमेजून जरा आंबलेला. नुकत्या फोडलेल्या नारळाचं पाणी. हे एकेक सुटं सुटं यायचं आणि मग सगळं मिळून एकच व्हायचं, जणू देऊळच श्वास घेतंय. किती वेळ उभी होते कोण जाणे. पायाखाली फरशी गार होती, आत घंटा वाजत होती, आणि मला लहानपणीची आमची पांढरी भिंत दिसत होती. मनातल्या मनात मी माझ्या प्रभूला विचारलं, हे असं इथे उभं राहिलेलं चालतं ना रे? उत्तर काही आलं नाही. पण कुणी हाकललंही नाही. मंदानं हाताला धरून मला बाजूला घेतलं, कारण मागे दर्शनाची रांग अडली होती.

तो वास पुष्कळ वर्षं विकला गेला. रस्त्यानं जाताना कुठल्याही खिडकीतून यायचा. मला आवडायचं. दुसऱ्याच्या देवघरात आपण हळूच जाऊन आल्यासारखं वाटायचं.

आमच्या मंडळीत मात्र कुजबुज व्हायची. मंडळी म्हणजे आमच्या चर्चचे सभासद, आणि कारभार पाहणाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो. त्यांतले एक भास्करराव. माणूस सज्जन, पण शिस्तीचा. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी मला गाठलंच. "रूथबाई, स्पष्ट बोलतो. तुम्ही मूर्तींपुढचा धूप बनवता. विश्वासणाऱ्या बाईनं हे करावं का?"

"भास्करराव, तुम्ही वीज खात्यात होतात. देवळांची लाईट तोडली होतीत का?" मी म्हटलं. ते आमच्या रीतीप्रमाणे "सलाम" म्हणून निघून गेले.

बोलायला मी अशी फटकळ. पण तो प्रश्न मलाही होताच. माझा विश्वास रविवारपुरता ठेवून सोमवारी कारखान्याच्या फाटकाबाहेर चपलेसारखा काढून ठेवायचा, हे मला जमणारं नव्हतं. मग मी माझ्यापुरती एक रीत केली. सकाळी पहिली बाटली उघडायच्या आधी डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "प्रभू, हे नाक तुझं आहे. याला खोटं बोलू देऊ नकोस." एवढंच. वाईट माल चांगला म्हणायचा नाही, मग शेठ डोक्यावर उभे का असेनात. आणि चांगल्याला चांगलं म्हणताना तो कुणाच्या देवाकडे चाललाय ते बघायचं नाही. माझा धर्म माझ्या कामात मावला तो असा. यापेक्षा मोठं तत्त्वज्ञान मला येत नाही.

आणि मग, निवृत्तीला थोडा काळ राहिला असताना, नोएल आला.

त्याआधी काय झालं होतं ते सांगते. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एक अगरबत्तीवाले, त्यांनी स्वतःची लॅब काढली आणि आमच्याकडचा माल बंद केला. शेठचा मुलगा म्हणायला लागला की महाप्याची लॅब बंद करू, गुजरातेतल्या आपल्या कारखान्यात नेऊ. माझं काही अडत नव्हतं, मी आज ना उद्या घरीच बसणार होते. पण मंदा आणि तिच्या हाताखालच्या चौघी, त्या काय गुजरातला जाणार होत्या? मंदाची मुलगी तेव्हा खारघरला नर्सिंगला होती. मंदा तोंडानं म्हणायची, "बगू, बाप्पा हाय." पण काम करताना गाणं म्हणायची ती बंद झाली होती, आणि मला ते फार लागायचं.

नोएल खारघरचा. तरणाबांड, हसरा, ख्रिस्ती घरांसाठी भेटवस्तू विकायचा. मेणबत्त्या, भिंतीवर लावायची वचनं, गव्हाणीचे देखावे. त्याला नाताळाआधी एक धूप काढायचा होता. साधासुधा नव्हे. "आँटी, पवित्र शास्त्रात, बायबलमध्ये, जो धूप सांगितलाय ना, तोच. ॲज इट इज. तेच चार पदार्थ, सारख्या वजनाचे, थोडं मीठ. पॅकेटवर तसं लिहायचं आहे. तुम्ही आपल्यातल्या आहात, तुमच्याशिवाय कोण करणार?"

शेठच्या केबिनमध्ये ते ऐकताना शेठचा चेहरा किती उजळला! ऑर्डर मोठी होती. दर वर्षीची होणार होती. लॅब राहिली असती. "रूथबेन, तुमच्या देवानं पाठवला याला," शेठ म्हणाले.

आणि मी ऑर्डर लिहायला उघडलेली वही मिटून ठेवली. कारण तो धूप मला ठाऊक होता.

लहानपणी संध्याकाळच्या प्रार्थनेत वडिलांनी तो भाग वाचला होता. रानात भटकणाऱ्या लोकांना देवानं एका धुपाची कृती सांगितली. कशात काय घाला, कसं कुटा, सगळं. आणि शेवटी बजावलं की हा फक्त माझ्यापुढे जाळायचा. स्वतः हुंगण्यासाठी कुणी असला केला, तर तो आपल्या लोकांतून तोडला जाईल. पुस्तक मिटून वडील म्हणाले होते, "बघ रूथ, जगातले सगळे वास देवानं आपल्याला दिले. एवढा एकच स्वतःला ठेवला." मी तेव्हा कंदिलाकडे बघत पडले होते. तो एक वास कसा असेल, याचा विचार करता करता झोपले. पुढे वासाच्या धंद्यात पडले, ते चारही पदार्थ हाताखाली आले. शिलारस, ऊद, एक हिरवट कडू डिंक, आणि नखला, म्हणजे समुद्रातल्या शंखाच्या तोंडावरचं झाकण. सगळे आमच्याच फळीवर, वेगवेगळ्या बरण्यांत. मनात आणलं असतं तर एका दुपारी झालं असतं. कधी केलं नाही. या धंद्यात सगळंच विकायला असतं, गुलाब विकतात, पहिल्या पावसातली माती विकतात, आईच्या पदराचा वाससुद्धा मागायला येतात लोक. एक तरी गोष्ट न विकलेली राहू दे, असं मला वाटायचं.

मी भास्कररावांकडे गेले. म्हटलं, हे तरी कडक माणूस आहेत, पाठीशी उभे राहतील. ते तर खूश! "करा की रूथबाई! इतकी वर्षं इतर देवांचं केलंत, आता आपल्या देवाची साक्ष होईल. आणि ते नियम जुने झाले. ख्रिस्तानं आपल्याला त्यातून मोकळं केलं."

"ते मला कळतं हो. मी कोळंबी खाते, तीही त्या नियमांत मना आहे."

"मग अडलंय कुठे?"

कुठे अडलं होतं ते मला सांगता येईना. नियम म्हणून नव्हतंच ते. वडिलांनी दाखवलेली ती एक राखीव जागा होती, आणि तिच्यात मी पाय ठेवू शकत नव्हते. मूर्तींच्या धुपाला नको म्हणणारा माणूस या धुपाला हो म्हणत होता, आणि मी नेमकी उलटी. चक्रावून घरी आले.

शेठना सांगितलं तेव्हा ते मात्र एका वाक्यात समजले. "ठाकोरजींचं असतं तर मीपण नसतं केलं, बेन." मग टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत म्हणाले, "असं करू या का? पॅकेटवर तेच लिहू, आत दुसरं भरू. नोएलला काय कळतंय?"

"शेठ, खोटं बोलायचं पाप वेगळं आहे. ते याच्यावर आणखी चढवू नका."

"मग मी लॅब कशी ठेवू, सांगा!" शेठचा आवाज चढला होता, पण डोळ्यांत पाणी होतं. मी उठून लॅबकडे निघाले.

लॅबमध्ये बातमी माझ्याआधी पोचली होती. चौघी खाली मान घालून बाटल्या पुसत होत्या. मंदा कमरेवर हात ठेवून उभी. आता ही मला काहीतरी बोलणार, आणि बोलली तर तिचं चुकणार नाही, अशी मी तयारी केली.

"मॅडम, येवढंच ना? इतकी वर्सं आमच्या देवाचा तुमी हुंगला. तुमच्या देवाचा मी हुंगते. हाय काय नि नाय काय!"

मी हसले, आणि हसता हसता रडले. "अगं, पण सांगणार मी, करणार तू. पळवाटच झाली ना ही?"

"मग आमचा हुंगला ती काय व्हती?" मंदा म्हणाली.

होकार तरी मी लगेच दिला नाही. मधे रविवार होता. त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे सगळ्यांनी एका भाकरीतला तुकडा आणि एका प्याल्यातला घोट घ्यायचा. प्याला ओठांशी आला, द्राक्षाच्या रसाचा गोड वास आला, आणि माझं मन भलतीकडेच गेलं. आपल्या लोकांतून तोडला जाईल, असं देव म्हणाला होता. माझे लोक कोण? बाकावर माझ्या शेजारी बसलेले तर होतेच. पण डोळे मिटल्यावर मला दिसल्या त्या नाकाला ओढण्या बांधलेल्या पाच जणी. मी नाही म्हटलं तर त्या तोडल्या जाणार होत्या, मी नाही. माझी राखीव जागा राखायची, आणि किंमत मंदाच्या मुलीनं द्यायची, हे प्रभूला आवडेल का? प्याला पुढे गेला. मी तशीच बसून राहिले. खिडकीतून ऊन बाकावर आलं होतं, गीत सुरू झालं होतं, पण मला शब्द उमटेनात. मी मनाशी म्हटलं, प्रभू, करू दे त्यांना. पाप लागलंच तर माझ्या नावावर लाव.

दुसऱ्या दिवशी मी होकार दिला, आणि मंदानं घरून मीठ आणलं, तिच्या भावानं खाडीकडच्या मिठागरातून आणून ठेवलेलं, जाडं, करड्या रंगाचं. कृती मी सांगायची गरजच नव्हती, ती केव्हाची लिहून ठेवलेली आहे. मंदानंच सगळ्याचं वजन केलं, कुटलं, वड्या सुकवल्या. मी त्या दिवसांत लॅबच्या दुसऱ्या टोकाला साबणाच्या पट्ट्या घेऊन बसायचे.

जाळायच्या दिवशी मंदा खोलीत गेली, दार लावून घेतलं. मी बाहेर पॅसेजमध्ये, दाराकडे पाठ करून, खिडकीपाशी. बाहेर पारसिकचा डोंगर धुरकट दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादा वास कानांनी तपासत होते.

"पेटवली का?"

"पेटवली." दाराआडून आवाज.

"गोड येतंय?"

"पयला गोड. मग कडू."

"घशाला लागतंय?"

"नाय."

"नखला पुढे येतोय का? खाडीसारखा?"

"येतोय जरासा."

"मग तो आणखी भाजून घे. मंद भाज, काळा होऊ देऊ नकोस."

तसं केलं. पुन्हा कुटलं, पुन्हा वड्या, पुन्हा सुकवणं. पुन्हा मी खिडकीपाशी.

"आता?"

उत्तर येईना. मी पाठ फिरवायची नाही असं ठरवलं होतं, मान वळू नये म्हणून गज धरून उभी राहिले. "मंदा, अगं आता कसं वाटतंय?"

"आता," दाराआडून ती हळू म्हणाली, आणि मंदाचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता, "कुनीतरी आत येऊन बसल्यासारका वाटतंय."

मी म्हटलं, "पास."

नोएलनं शेठच्या केबिनमध्ये वडी पेटवली तेव्हा मी घरी होते, सर्दीचं निमित्त करून. शेठनंच फोन केला. पोरगं बराच वेळ डोळे मिटून बसलं, मग म्हणालं, हाच, यात काही बदलू नका. लॅब राहिली. मंदा पुन्हा गाणं म्हणायला लागली, बेसूरच, पण लागली. तिची मुलगी आता खारघरच्याच एका इस्पितळात नर्स आहे.

माझ्या हातून झालेल्या सगळ्या वासांत हा सगळ्यात चालला, आणि तोच तेवढा मला ठाऊक नाही. नाताळात ख्रिस्ती घरांत जायची चोरी झाली आहे. एकदा खारघरला मैत्रिणीच्या दारात पोचले, आत धूर दिसला, तशीच केकचा डबा तिच्या हातात कोंबून पळाले. ती बिचारी अजून विचारते, रूथ, तुला माझं काय लागलं होतं? काय सांगू तिला? कधी कधी दुपारी पडल्या पडल्या तो वास मनात करून बघायचे. शिलारस यायचा, ऊद यायचा, पण चौघांचा मिळून एक व्हायचा नाही. मग वाटायचं, असू दे. मग पुन्हा वाटायचं, मंदाला तरी एकदा विचारावं.

गेल्या नाताळात मंदा घरी आली. मी करंज्या, चकल्या पुढे केल्या. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय, त्याच्या गप्पा झाल्या. आणि मी विचारलंच. "मंदा, नीट आठवून सांग बाई. कसा होता गं तो? मी काही मागितलं नाही तुझ्याकडे कधी. एवढं सांग."

मंदा करंजी खाता खाता थांबली. बशी खाली ठेवली. "मना काय म्हायत, मॅडम?"

"म्हणजे?"

"मी झडप उगडलीच नाय."

"अगं पण तू सांगत होतीस ना, गोड, कडू, खाडीचा..."

"अंदाज! इतकी वर्सं तुमच्या हाताखाली काय झक मारली काय? नखला काचा असला का खाडीच येनार. डिंक हाय म्हनजे मागून कडूच येनार." मग ती जरा ओशाळली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "देवाचा व्हता ना मॅडम. तुमचा झाला म्हनून काय झाला? कशी हुंगू मी?"

"आणि कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं, ते?"

"ते अंदाज नव्हता," मंदा म्हणाली. "पेटी बंद, नाकाला ओढनी, वास कसला येतोय मना! पन वाटला खरा."

आयुष्यभर नाकाला खोटं बोलू देऊ नकोस म्हणून प्रार्थना करणारी मी, आणि माझ्या हाताखालून गेलेला सगळ्यात चांगला माल कुणी न हुंगताच पास झाला होता. ज्याचा होता त्याच्याआधी कुणाच्याही नाकाला तो लागला नव्हता. मंदानं ते सांभाळलं होतं, माझ्या देवासाठी, मला न सांगता. मी उठले आणि तिच्या गळ्यात पडले, आणि ती माझ्या पाठीवर थोपटत म्हणत राहिली, "आता रडताव कशाला मॅडम, बरा झाला ना सगला?"